रविवारनंतरचे सहा दिवस

बुवापाड्यात काय, किंवा उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या कुठल्याही दाट वस्तीत काय, विश्वासात नव्यानं आलेला माणूस पहिल्या वर्षी झपाट्यानं बदलतो. दारू सुटते, शिव्या सुटतात, हातात नवा करार येतो. रविवारची उपासना, आठवड्यात कुणाच्या तरी घरी प्रार्थना, महिन्यातून एखादा उपवास, यातलं काही चुकत नाही. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी गाडी अडते. गाणी पाठ झालेली असतात, साक्ष देऊन झालेली असते, संदेश ऐकताना पुढचं वाक्य आधीच कळतं, आणि घरात राग मात्र पहिल्यासारखाच उसळतो. हा लेख अशा टप्प्यावर आलेल्यांसाठी आहे. ज्यांच्या घरात आजोबांपासून ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक आहे आणि आपण ख्रिस्ती आहोत हे ज्यांनी आडनावासारखं गृहीत धरलेलं आहे, त्यांच्यासाठीही आहे.

आधी वाढ मोजायची कशावर, ते ठरवू. आपल्याकडे नकळत तीन-चार मापं रूढ झाली आहेत. मोठ्यानं आणि लांब प्रार्थना करता येते का, उपवास किती दिवसांचा केला, अन्य भाषा बोलता येतात का, दर्शन होतं का. पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र या मापांसमोर ठेवून वाचा. पहिल्याच अध्यायात तो कबूल करतो की या मंडळीला कुठल्याही कृपादानाची उणीव नाही. तिसऱ्या अध्यायात त्याच लोकांना तो तान्ही बाळं म्हणतो. दानं भरपूर असूनही बाळं का? कारण त्यांच्यात हेवा आहे, भांडणं आहेत, मी अमक्याचा आणि मी तमक्याचा असे गट आहेत. म्हणजे पौलाच्या लेखी प्रौढपणाची परीक्षा व्यासपीठावर होत नाही, एकमेकांशी वागण्यात होते. एकाच गल्लीत दोन-तीन ठिकाणी उपासना भरत असतील आणि त्यांची माणसं समोरासमोर आल्यावर एकमेकांना सलाम करत नसतील, तर त्या गल्लीला हे पत्र अगदी पत्ता घालून आलेलं आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. आत्मिक वाढीला वर्षं लागतात, आणि ती लागावीत. महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासातली दोन घरं याची साक्ष देतात.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज इथे झाला. तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या आणि विद्वान म्हणून देशभर गाजलेल्या होत्या. धर्मशास्त्र त्यांनी कसून अभ्यासलं, मिशनच्या लोकांशी वाद घातले, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. आणि पुढे आपल्या जीवनाची साक्ष लिहिताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की ख्रिस्ती धर्म मिळाल्यावर कितीतरी वर्षं प्रत्यक्ष ख्रिस्त त्यांना मिळालेला नव्हता. तो मिळाला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. एवढ्या मोठ्या बाईनं, शाळा चालवत असताना, जगासमोर हे लिहावं याला धैर्य लागतं. आपल्या सभांमध्ये साक्ष बहुधा एका तारखेवर संपते: अमक्या दिवशी मी तारण पावलो. त्या तारखेनंतर काय झालं, कुठे अडलो, काय उशिरा कळलं, हे कुणी सांगत नाही. तेही सांगायला सुरुवात करा. नव्या माणसाला त्याचाच जास्त आधार होतो.

दुसरं घर टिळकांचं. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशानं नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले. त्यानंतर वाचन, पत्रव्यवहार आणि मनातली झुंज चालली, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्या सोबत नव्हत्या. त्यांना हा घाव बसला तो सगळ्या आयुष्यावर. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. त्या मुलाला घेऊन पंढरपूर-नाशिककडे माहेरच्या माणसांत. नंतर नगरला एकत्र आल्यावरही सोवळं, वेगळी चूल, कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, हे लगेच गेलं नाही. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला, म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, आणि स्वतःच्या मनानं. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्या पाच वर्षांची हकीकत. टिळकांचा तापट, लहरी स्वभाव ख्रिस्ती झाल्यावर एका रात्रीत गेला, असा दावा लक्ष्मीबाई कुठेही करत नाहीत. पण याच घरानं पुढे अनाथ मुलं पदरात घेतली आणि प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाई रोग्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या. कुणाच्या हातचं पाणी न पिणारी बाई प्लेगच्या रोग्याला पाणी पाजते, याला मी आत्मिक वाढ म्हणतो.

हे इतकं सांगितलं, कारण आपल्या वस्तीत कितीतरी घरांत विश्वास ठेवणारं माणूस एकटंच असतं. सून येशूला मानते, सासू मानत नाही. मुलगा सभेला जातो, वडील म्हणतात पोरगा हातचा गेला. अशा वेळी पहिल्या वर्षाच्या उत्साहात बरेच जण एक चूक करतात: घरच्यांना उपदेश सुरू करतात, देव्हाऱ्याबद्दल बोलतात, आईच्या मनाला लागेल असं बोलतात. पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय अशाच घरातल्या बायकांना लिहिलेला आहे, आणि तिथला सल्ला असा की तुमच्या बोलण्याविना, तुमचं वागणं पाहूनच नवऱ्याचं मन वळावं. त्या सुनेनं सासूच्या गुडघ्याला तेल चोळावं, तिला दवाखान्यात न्यावं, घरखर्चाचा हिशेब चोख ठेवावा, उपासनेला जाताना घर टाकून जाऊ नये. टिळकांनाही पाच वर्षं थांबावं लागलं, हे तिनं लक्षात ठेवावं. मात्र मारहाण सोसणं हा या सल्ल्याचा भाग नाही. जिथे हात उगारला जातो तिथे मंडळीच्या वडिलांनी मध्ये पडलं पाहिजे, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर पोलीस ठाण्यात तिच्यासोबत गेलं पाहिजे.

शेजारधर्माचा प्रश्न याला लागूनच येतो. गणपतीत शेजारच्या घरातून मोदकाची ताटली येते. घ्यायची की नाही? बुवापाड्यासारख्या, भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत हा प्रश्न दरवर्षी येतो आणि त्यावरून विश्वासणाऱ्यांतच वाद होतात. पौलानं याच विषयावर करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय खर्ची घातला आहे, आणि रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय याच धाटणीच्या वादावर आहे. या तिन्ही अध्यायांचं म्हणणं थोडक्यात असं: मूर्ती म्हणजे काही नाही हे ज्याला पक्कं कळलं आहे, त्याला अन्नाची भीती नाही, पण ज्याचं मन अजून नाजूक आहे त्याला ठेच लागेल असं त्यानं वागू नये, मूर्तीच्या पूजेत भाग घेणं मात्र दोघांनीही टाळावं, आणि खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याचा न्याय करू नये. म्हणून प्रसाद घ्यायचा की नाही, हे तुमच्या विवेकानं आणि मंडळीच्या शिकवणीनं ठरवा. नको असेल तर दारात हात जोडून, हसून, ‘काकू, आमच्यात प्रसाद घेत नाहीत, राग मानू नका, बसा, चहा घ्या’ एवढं म्हणा. तोंड फिरवून दार लावणं हे मात्र कुठल्याच अध्यायात बसत नाही. आणि नाताळात त्या घरी करंजी-केकची ताटली न विसरता पाठवा. त्यांनी ती घेतली नाही तर आपणही राग मानू नये.

आता रोजच्या जगण्याकडे. आपल्याकडे पाणी ठरलेल्या वेळी येतं आणि दाब कमी असतो. एका घरानं थेट लाइनीला मोटार लावली की पुढच्या घरच्या नळाची धार करंगळीएवढी होते. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी मोटार लागते, कारण सगळेच लावतात. सकाळी ज्यानं मोटार लावून शेजारणीचा हंडा रिकामा ठेवला, त्यानं संध्याकाळी शेजारणीच्या तारणासाठी प्रार्थना करावी, हे देवाला कसं पोचणार? याकोबाच्या पत्रात हेच विचारलं आहे: उघड्या, उपाशी भावाला नुसतं ऊबदार राहा, पोटभर जेव असं म्हणून काय उपयोग? आत्मिक वाढीचा आरंभ करायचा असेल तर नळापासून करा. आधी एक आठवडा मोटार न लावता काढून बघा.

लोकलमध्येही तेच. अंबरनाथहून बसायला मिळत नाही म्हणून बदलापूरपर्यंत उलट जाऊन तीच गाडी पकडणारे आपल्यात आहेत. पास तिथपर्यंतचा असेल तर त्यात काही गैर नाही. पण गटाच्या माणसांसाठी बॅगा टाकून सीट अडवणं, नव्या प्रवाशाला ढकलून बोलणं, पास संपला तरी दोन दिवस तसंच जाणं, याची सवय झाली की मन बोथट होतं. कपाळावर लिहिलेलं नसलं तरी डब्यातल्या माणसांना तुम्ही कोण आहात हे ठाऊक असतं. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाची नऊ अंगं सांगितली आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यातलं एकही एकट्यानं खोलीत बसून पिकत नाही. सहनशीलतेला त्रास देणारा माणूस लागतो. सकाळची गर्दीची गाडी तो रोज पुरवते.

वाचनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे आपण फार कमी पडतो. नव्या वर्षाच्या उपासनेत चिठ्ठीवर मिळालेलं वचन वर्षभर पुरवायचं, रोज सकाळी मोबाइलवर आलेलं चित्रातलं वचन पुढे पाठवायचं, आणि बाकीचं पाळक रविवारी सांगतील, अशी आपली रीत झाली आहे. एकेक सुटं वचन धीर देतं, पण त्यानं समज वाढत नाही. इब्री लोकांस पत्राचा पाचवा अध्याय रोखठोक आहे: एव्हाना तुम्ही शिकवणारे व्हायला हवे होतात, आणि तुम्ही अजून दुधावर आहात. जड अन्न म्हणजे अख्खं पुस्तक वाचणं. मार्कापासून सुरुवात करा. सोळाच अध्याय आहेत. रोज एक अध्याय, आणि मोठ्यानं. ज्या घरात आईला वाचता येत नाही तिथे सातवी-आठवीतल्या मुलानं वाचावं, सगळ्यांनी ऐकावं, आणि शेवटी फक्त दोन प्रश्न विचारावेत: यात येशू काय करतो? आणि आज आपल्याला काय करायला सांगतो? उत्तर आलं नाही तर राहू द्या, दुसऱ्या दिवशी पुढचा अध्याय. मार्क झाला की याकोबाचं पत्र, मग स्तोत्रसंहिता, मग उत्पत्ती. प्रकटीकरणाची घाई करू नका. शेवटच्या काळाच्या तारखा सांगणाऱ्या व्हिडिओंनी आपल्या भागातल्या बऱ्याच तरुणांचा अभ्यासाचा वेळ खाल्ला आहे.

भाषा जड वाटते, ही खरी अडचण आहे. रमाबाईंनाही ती जाणवली होती. साध्या बायकांना समजेल असं मराठी बायबल असावं म्हणून त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून भाषांतराचं काम हाती घेतलं, आणि ते वर्षानुवर्षं चालवलं. खिळे जुळवून ते छापायचं कामही तिथल्याच बायका-मुलींनी केलं. यातल्या कितीतरी जणी दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्याही दुःखात भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. त्यांचं संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. तेव्हा शब्द अडला म्हणून पुस्तक मिटू नका. सोप्या मराठीतली नवी भाषांतरंही आज मिळतात. दोन शेजारी ठेवून वाचा.

मनोरमाबाईंच्या उल्लेखावरून दुःखाकडे येतो. आजार बरा झाला नाही तर विश्वास कमी पडला, असं आपल्या काही सभांतून सांगितलं जातं. हे चुकीचं आहे आणि निर्दय आहे. पौलानं आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता का? मधुमेहाच्या गोळ्या, टीबीचं औषध, रक्तदाबाची गोळी प्रार्थनेच्या नावानं बंद करायला कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठा सेवक असो. टीबीचं औषध मध्येच सोडलं तर आजार औषधाला दाद देईनासा होऊ शकतो आणि दहा बाय बाराच्या खोलीत झोपणाऱ्या लेकरांना लागतो. प्रार्थना करा, तेल लावा, हात ठेवा, आणि गोळी वेळेवर घ्या. स्तोत्रसंहितेतली किती तरी स्तोत्रं रडगाऱ्हाणी आहेत. देवाजवळ रडणं हा अविश्वास असता तर ती पवित्र शास्त्रात आलीच नसती. ज्याच्या घरी मरण झालं आहे त्याच्याकडे जाऊन ‘देवाची योजना असेल’ असं म्हणू नका. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते; बोलायला लागले आणि चुकले. स्वयंपाक करून डबा न्या, मुलांना शाळेत पोचवा, दाखल्यासाठी नगरपालिकेच्या रांगेत उभे राहा.

प्रार्थनेला जागा नाही, ही तक्रार मी बायकांकडून खूप ऐकतो. खोली एक, माणसं सहा, टीव्ही चालू. येशू पहाट व्हायच्या आधी उठून एकांतात गेला असं मार्क लिहितो. त्यालाही दिवसा माणसं सोडत नव्हती. पहाट जमत नसेल तर भाकऱ्या थापताना, कामावर चालत जाताना, गाडीत डोळे मिटून करा. मोठ्यानं करायची गरज नाही. प्रभूची प्रार्थना एकेक ओळ थांबून म्हणा आणि प्रत्येक ओळीपाशी आपल्या गल्लीतलं एक माणूस आठवा. क्षमेच्या ओळीपाशी जे नाव येईल ते टाळू नका.

पैशाबद्दल एवढंच: दशांश देणारा माणूस भिशीचा हप्ता बुडवत असेल, किंवा मोलकरणीचा पगार अडकवत असेल, तर आधी ते देणं फेडावं. मंडळीच्या पेटीत आलेल्या पैशाचा हिशेबही दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचला गेला पाहिजे. हिशेब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

मंडळी बदलत राहण्याची सवय सोडा. पाळकानं एक शब्द टोचून सांगितला की पुढच्या रविवारी दुसरीकडे, हे आपल्याकडे सहज होतं, कारण दुसरी जागा दोन गल्ल्यांवर असते. ज्या मंडळीत तुमचं वागणं पाहणारी आणि तोंडावर सांगणारी माणसं आहेत तिथे टिका. फसवणूक, चुकीची शिकवण किंवा बायकामुलांशी गैरवर्तन असेल तर मात्र क्षणभरही थांबू नका. बोला आणि बाहेर पडा. मंडळीत एखादी वडीलधारी बाई किंवा भाऊ निवडा आणि महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर बसून सांगा की या महिन्यात मी कुठे चिडलो, कुठे खोटं बोललो, कुणाला दुखावलं. पुरुषांनी पुरुषांकडे आणि बायकांनी बायकांकडे जावं. ऐकणाऱ्यानं ते चहावर दुसऱ्याला सांगू नये. सांगितलं तर पुढच्या वेळी त्याच्याकडे जाऊ नका.

शेवटी एक काम. पुष्कळ मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूनं सांगितलं आहे की वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा. तेव्हा प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या घरी जा. पाण्यावरून, भिंतीवरून, मुलांच्या भांडणावरून, कशावरूनही असो. सोबत चारजण घेऊन जाऊ नका, आणि चूक कुणाची याचा निवाडा तिथे काढू नका. ‘माझ्याकडून बोललं गेलं, मला माफ करा’ एवढंच म्हणा. ‘पण तुम्हीही’ हे शब्द जिभेवर येतील, ते गिळा. समोरच्यानं आत बोलावलं तर बसा, चहा दिला तर घ्या. दार लावून घेतलं तर मनात राग न ठेवता परत या, भोजनाला बसा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जा.